सुदृढ जठरांचा सत्कार

सिरोंच्याजवळ गोदावरीत मिळणारे झिंगे चवीला अप्रतिम असतात. मात्र माणसांच्या जठराच्या नमुन्यांबरोबर ते एकाच बर्फपेटीत ठेवू नयेत. हा नियम कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात आढळत नाही. असे कोणी करील, ही कल्पना ग्रंथकारांना सुचली नसावी. मी ते केले. केले, लपवले, आणि लपवलेले झाकण्यासाठी पुढे जे जे करत गेलो त्याची परिणती चंद्रपुरातील एका भव्य सत्कार समारंभात झाली. त्या समारंभाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली आहेत. त्यामागचे कारण मात्र त्या दिवसापर्यंत माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

चंद्रपूरच्या एका रुग्णालयात दुर्बीण तपासणी विभागात मी तंत्रज्ञ आहे. दुर्बीण म्हणजे कॅमेरा बसवलेली लवचीक नळी. ती तोंडावाटे पोटात जाते. रुग्णाला ती गिळायची असते आणि मला तिची निगा राखायची असते. आमच्या डॉक्टर मॅडम या नळीतूनच जठराचा कर्करोग काढतात. अर्थात तो अगदी कोवळा, वरच्या अस्तरापुरता असेल तरच. पोट फाडावे लागत नाही, जठर जागेवर राहते. मात्र ज्या जठरात एकदा रोग उगवला त्याची जमीन तशीच उरते, आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी नवा कोंब येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाने दरवर्षी येऊन नळी घ्यायची असते. एका मोठ्या प्रयोगशाळेचे संशोधन आमच्याकडे सुरू झाले ते यासाठीच. कोणाच्या जठरात पुन्हा रोग येण्याचा संभव अधिक, हे जनुकांवरच्या खुणांवरून आधीच ओळखता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता.

या खुणा म्हणजे काय, हे रुग्णांना समजावणे माझ्याकडे होते. जठरात वर्षानुवर्षे राहणारा एक वळणदार जंतू असतो. तो आणि त्याने आणलेला दाह यांमुळे काही जनुकांवर बारीक रासायनिक ठसे बसतात. जनुक तेच राहते, पण ठसा बसला की ते मुके होते. गोळ्यांनी जंतू मरतो. ठसे बरेचसे तसेच राहतात. निरोगी दिसणाऱ्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन ते मोजता येतात. मी गोंदणाचा दाखला देत असे. कातडी तीच, पण गोंदलेले पुसत नाही. भामरागडकडच्या एका वृद्ध बाईंनी आपले गोंदलेले दोन्ही हात माझ्यापुढे धरून विचारले, "हे तं माह्या आईनं पाह्यत बसून काढून घेतलं. पोटातलं कोणाले इचारून काढलं?" दुसऱ्या एका गृहस्थांनी ठरलेल्या दिवशी आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवले. तो बिचारा उपाशीपोटी येऊन बाकावर बसला होता. फोन केल्यावर थोरले म्हणाले, "सख्खा भाऊ हाय साहेब. रगत एक, जीन एक. त्याचंच पाहून घ्या, मी धान कापून राह्यलो."

या संशोधनात एकाच दिवशी दोन रुग्णांच्या जठराचे तुकडे घेतले गेले. दोघांचाही कोवळा रोग मॅडमनी आधीच नळीतून काढला होता. एक वडशाचे निवृत्त मुख्याध्यापक रामटेके सर. पांढराशुभ्र सदरा, पहाटेचे फिरणे, सुपारीचेही व्यसन नाही. दुसरे आलापल्लीचे रहीमभाई, सागवानाचे कारागीर. ते गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरूनच आले आणि तपासणीच्या दारात मी तो थुंकायला लावला तेव्हा म्हणाले, "भाऊ, आत्ताच तं घोटून घेतला होता. तुमच्या नळीले जागा पाहिजे म्हणून फेकून राह्यलो, ध्यानात ठेवा."

नमुने नागपूरच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणे माझे काम होते. सिरोंच्याच्या माझ्या साडूने त्याच दिवशी झिंगे पाठवले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना झिंगे आवडतात, असे मी ऐकले होते. आपल्या भागातला माणूस हात हलवत जात नाही, एवढीच भावना त्यामागे होती. बर्फपेटी एकच होती. मी झिंगे पिशवीत बांधून खाली ठेवले, नमुन्यांच्या नळ्या वर ठेवल्या. नागपूरच्या बसस्थानकावर झाकण उघडले तर पिशवी फाटलेली. बर्फाच्या गुलाबी पाण्यात नळ्या तरंगत होत्या. झाकणे घट्ट असल्यामुळे आतले तुकडे सुरक्षित होते. इतर नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांना मी वरून चिकटपट्टी लावली होती. त्या दिवशीच्या दोन नळ्यांना घाईत लावली नव्हती. त्या कोऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या चिठ्ठ्या एका झिंग्याच्या मिशांत अडकल्या होत्या.

त्या क्षणी प्रयोगशाळेत जाऊन घडले ते सांगितले असते, तर दोघांच्या रक्ताचा एकेक थेंब मागवून कोणती नळी कोणाची हे सहज ठरले असते. ती जनुकांचीच प्रयोगशाळा होती. माणूस ओळखणे हे तिथले सर्वांत सोपे काम. हे मला पुष्कळ नंतर उमगले. तेव्हा मला फक्त डॉक्टर मॅडमचा चेहरा दिसत होता. मी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. एकीतला तुकडा किंचित काळपट वाटला. मी मनात म्हणालो, हा खर्रा खाणाऱ्याचा. पांढऱ्या सदऱ्याच्या माणसाचे जठरही पांढरेच असणार, अशा तऱ्हेचे ते विज्ञान होते. रहीमभाईंची चिठ्ठी मी काळपट नळीवर चिकटवली, सरांची दुसरीवर. प्रमुखांनी झिंग्यांची मनापासून तारीफ केली. पेटी फार स्वच्छ राखता, असेही ते म्हणाले. कारण ती मी स्थानकावरच्या नळाखाली साबणाने धुतली होती.

काही महिन्यांनी अहवाल आले. रामटेके सर: ठसे थोडे, धोका तुलनेने कमी. रहीमभाई: ठसे पुष्कळ, धोका अधिक. मॅडमनी मला बजावले, "भाऊ, कमी म्हणजे नाही असं नव्हे. जास्तवाल्यांना सहा महिन्यांनी बोलवा, पण कमीवाल्यांनाही वर्षाला यावंच लागेल. नीट समजावून सांगा."

रहीमभाईंना मी सगळे नीट सांगितले. सरांना फोन केला तेव्हा "आपला धोका कमी आहे" एवढेच वाक्य बोललो. दरवर्षी यावे लागेल, हे पुढचे वाक्य बोललो नाही. ते उच्चारले तर सर प्रश्न विचारतील, प्रश्नांची उत्तरे देताना चिठ्ठ्यांचे बिंग फुटेल, अशी भीती वाटली. सर आनंदाने "साधू, साधू" म्हणाले आणि मी फोन ठेवला. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटे न बोलण्याच्या शीलाशी, माझा आवाज खाली जाऊ लागला तो त्या आठवड्यापासून. शेजारी बसणाऱ्यांना वाटले, मला सर्दी आहे.

त्यानंतर सर नळी घ्यायला आले नाहीत. त्यांनी अहवाल चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. मुलाच्या स्थळासाठी परिचयपत्र काढले, त्यात शिक्षण व उंची यांच्याखाली छापले: 'वडिलांचा जनुकीय धोका : कमी'. मी दबक्या आवाजात विचारले, "सर, हे कशाला?" ते म्हणाले, "भाऊ, आपण कुंडली मानत नाही. पण समोरच्याला काहीतरी कागद लागतोच ना? हा वैज्ञानिक कागद आहे." मुलीकडच्यांनी मूळ प्रत पाहायला मागितली. पाहता पाहता ही गोष्ट वडशाला पसरली आणि ज्यांच्या पोटाला कधी काही झाले नव्हते अशी माणसे आमच्या खिडकीशी येऊन 'कमी धोक्याचा दाखला' मागू लागली. एकाने तर पासपोर्ट आकाराची छायाचित्रेही आणली होती.

रहीमभाईंचे उलट झाले. त्यांनी खर्रा सोडला. दर सहा महिन्यांनी ते दिवस उजाडायच्या आत आलापल्लीहून निघत आणि आमच्या दारात पहिले बसत. आपल्याबरोबर गावातला पोट दुखणारा कोणीतरी धरून आणत. "चल बे, काही होत नाई. डोळे मिटाचे आन् सासुरवाडीत वाढलेलं पुरण समजून गिळाचं," असा त्यांचा उपदेश बाकावर चाले. प्रत्येक वेळी त्यांचे जठर स्वच्छ निघे. तरी जाताना ते मला बाजूला घेऊन विचारत, "भाऊ, खरं सांगा, मले अजून किती टाइम हाय?" एकदा त्यांच्या पुतण्याकडून कळले, की त्यांनी आपले रंधे, पटाशी, करवती शिष्यांत वाटून टाकल्या होत्या. दिवाण आणि पलंगांची कामे घेणे बंद केले होते. अर्धवट पलंग मागे ठेवून जाणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मी रात्रंदिवस एकाच विचारात असे. चिठ्ठ्या उलट लागल्या असतील, तर ज्याने सहा महिन्यांनी यायला हवे तो दोन वर्षांपासून वडशाला चौकटीखाली बसला आहे, आणि त्याच्या पोटात काय चालले आहे हे कोणीच पाहिलेले नाही. मॅडमनी विचारले, "रामटेके सर येत नाहीत का हो?" मी म्हणालो, "येतो म्हणालेत." म्हणजे आणखी एक खोटे.

सरांना आणण्यासाठी मी सत्य सोडून सर्व उपाय केले. नवे यंत्र आले आहे, असे कळवले. सरांनी अभिनंदनाचा संदेश पाठवला. संशोधनाला आदर्श नमुना म्हणून आपली गरज आहे, असे कळवले; सरांनी टाय लावलेला फोटो पाठवला. अखेर मी स्वतः वडशाला गेलो. सर म्हणाले, "भाऊ, ज्याचा धोका जास्त त्याला नळी. मी घेतली तर एका गरजूची जागा अडेल. हे नीतीला धरून होईल का?" दारातून निघताना सहज म्हणून गेलो, "सर, निदान सत्काराला तरी याल?"

"कसला सत्कार?" सरांचा आवाज एकदम मऊ झाला.

"सुदृढ जठरांचा," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, हे मला आजही सांगता येत नाही.

मुख्याध्यापकांना शालीचे वावडे नसते. चंद्रपुरात परतेपर्यंत मी योजना आखली. सत्कार सकाळी ठेवायचा. सत्कारमूर्तींनी उपाशीपोटी यायचे, असा नियम करायचा. शाल, श्रीफळ, आणि लगेच शेजारच्या खोलीत 'गौरवार्थ तपासणी'. डॉक्टर मॅडमना मी जनजागृतीचा कार्यक्रम म्हणून सांगितले. त्या प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही किती मनापासून करता!" मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला.

समारंभ हातात राहिला नाही. फलक रंगवणाऱ्याने जठराच्या जागी मूत्रपिंड काढले. शहरातील एका पुढाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले, तर त्यांचा माणूस येऊन म्हणाला, "भाऊंचाही सत्कार ठेवा ना. आमच्या भाऊंचं जठर काय कमी हाय का?" ते कोणी तपासलेले नाही, असे म्हणताच तो म्हणाला, "इतके वर्षं राजकारणात पचवून राह्यले. अजून काय तपासता?" स्मृतिचिन्हांचे काम रहीमभाईंनी आपणहून मागून घेतले. त्यासाठी शिष्यांकडून पटाशी उसनी आणली आणि उत्तम सागवानाची, झिलई केलेली जठरे घडवली. काम अतिशय सुबक होते. कोणाला तो काजू वाटला, कोणाला पोहणारे बदक. पुढाऱ्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि उलटे धरून छायाचित्र काढले.

सत्काराच्या सकाळी सभागृह भरले. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. रामटेके सर पांढऱ्या सदऱ्यात व्यासपीठावर आले तेव्हा मी हळूच विचारले, "सर, पोट रिकामे आहे ना?"

"छे हो! मूल गावाला गाडी थांबली होती. गरम आलुबोंडे काढत होता, वर चण्याची तर्री. सत्काराला उपाशी कोण जातं? चेहरा उतरलेला दिसतो फोटोत."

मी मागे वळलो तर व्यासपीठाच्या पायरीशी रहीमभाई स्मृतिचिन्हांची टोपली घेऊन उभे होते. मी त्यांना वर, सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितले. ते मागे सरकले. "नाई भाऊ, मी हाय रिस्कवाला. मले इथीच राहू द्या. चांगल्या लोकाइच्या बाजूले बसलो आन् त्याइले काही झालं तं?" मी म्हणालो, हे काही असे लागत नाही. ते हसले. "लागत नसन. पण मी सकाळपासून उपाशी हाय. म्हटलं, सर एकटे काऊन उपाशी राह्यतील?"

सत्कारमूर्तींच्या वतीने सर बोलायला उठले. बोलणे सुंदर होते. स्वच्छ आहार, पहाटेचे फिरणे, विज्ञाननिष्ठा. मग त्यांनी चौकट उंचावून अहवाल सभेला दाखवला आणि म्हणाले, "बंधूंनो, ज्यांच्या अहवालात धोका कमी आहे, त्यांनी नळीच्या फंदात पडण्याचं कारण नाही. विज्ञानानं आपल्याला मुक्त केलं आहे. मी स्वतः दोन वर्षांत एकदाही गेलो नाही, पाहा!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आमचे आणखी काही 'कमी'वाले बसले होते. ते एकमेकांकडे पाहून समाधानाने माना डोलावत होते. त्यांतल्या एकाने पत्नीच्या हातातली आमची तपासणीची तारीखचिठ्ठी घेऊन घडी केली आणि खिशात घातली.

एका माणसापुरती असलेली माझी चूक आता रांगेने घरोघरी निघाली होती. सर खाली बसले. ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला. पुढचे वाक्य 'आता प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो' हे होते. ते मी बोललो नाही.

मी बोललो त्यानंतर काय घडले, ते आधी सांगतो. पुढाऱ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना ते प्रास्ताविक वाटले होते. मॅडम उठून बाहेर गेल्या. रामटेके सर मुख्याध्यापकाची भाषा टाकून एवढेच म्हणाले, "दोन वर्षं मले उल्लू बनवलं रे तू." त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, चंद्रपुरातच नातलगांकडे उपाशी राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळी घ्यायला आले. जुन्या व्रणापासून दूर, अगदी वेगळ्या ठिकाणी, नखाएवढा नवा डाग होता. कोवळाच होता. मॅडमनी त्याच आठवड्यात तो नळीतून काढला. सर आज ठणठणीत आहेत आणि तारीख चुकवत नाहीत. माझ्याशी ते बोलतात, पण 'भाऊ' न म्हणता 'अहो' म्हणून.

प्रयोगशाळेने दोघांचे रक्त मागवले. चिठ्ठ्या जिथल्या तिथे निघाल्या. माझा अंदाज बरोबर होता. सरांचा धोका खरोखरच कमी होता, आणि तरी डाग आला. रहीमभाईंचा खरोखरच अधिक होता, आणि आजवर काही आले नाही. मॅडम एवढेच म्हणाल्या, "म्हणूनच कमीवाल्यांनाही बोलवा म्हटलं होतं." नमुन्यांचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले. ते योग्यच झाले. अंदाज बरोबर निघाल्यामुळे अपराध हलका होईल, असे मला काही दिवस वाटले होते. झाला नाही. सरांना घरी बसवले ते चिठ्ठीने नव्हे, माझ्या अर्ध्या वाक्याने. निकाल ऐकून रहीमभाई मात्र वैतागले. "म्हंजे मी होतो तोच हाय? मंग एवढा तमाशा कायले केला भाऊ? सगळे रंधे वापस मागून आणले ना मी!" ते रंधे त्यांनी परत दिले नाहीत. सध्या ते एका पलंगाचे काम करत आहेत.

आता त्या सकाळी मी काय बोललो, ते लिहून थांबतो. माझ्या एका हातात ध्वनिक्षेपक होता, दुसऱ्यात सागवानी जठर. ते खाली ठेवावे, हेही सुचले नाही.

"रामटेके सर, रहीमभाई, तुमच्या दोघांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी झिंग्यांच्या पाण्यात घालवल्या आणि अंदाजाने चिकटवल्या. कोणाचा धोका कमी आणि कोणाचा जास्त, हे मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हते, तरी मी ठाऊक असल्यासारखा बोललो. सर, कमी धोका असला तरी दरवर्षी यावे लागते, हे तुम्हाला सांगायचे काम माझे होते. मी भ्यालो, म्हणून सांगितले नाही. समोर बसलेल्यांनो, तुम्हीही या, खिशातली चिठ्ठी बाहेर काढा. हा सत्कार खोटा आहे. सरांना उपाशी आणता यावे म्हणून मी तो रचला. रहीमभाई, तुमच्यापासून कोणाला काही लागत नाही. तुम्ही दोन वर्षे मरण धरून बसला होता आणि मी ते पाहत होतो. बर्फ, पिशवी, झिंगे, कोणाचीच चूक नाही. माझी हाय. सर, उद्या उपाशी या. रहीमभाई, वरते येऊन बसा. मले माफ करा."